कॅप्टनच्या गाडीचा डॅशबोर्ड

गाड्या रंगवणारी गॅरेजं त्या रस्त्यावर ओळीने होती. गाडीच्या आतलं प्लास्टिक रंगवणारं दुकान मात्र एकच होतं. तेही रस्त्यावर नव्हे, मागच्या गल्लीत, एका घराला टेकून उभ्या केलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. ते धाकटीचं. घरात दोन सुना. थोरली नवऱ्याबरोबर दुसऱ्या शहरात राहायची, ही इथे. सासूबाई हिला धाकटी म्हणत, म्हणून गल्लीही धाकटीच म्हणू लागली. शेडवर पाटी लावायची वेळ आली तेव्हा तिने नाव घातलंच नाही, फक्त काम लिहिलं: गाडीचं आतलं रंगकाम. डॅशबोर्ड, दारं, हँडल.

त्याआधी ती एका मोठ्या गॅरेजात बंपर रंगवत होती. नोकरी सोडते म्हणून सांगायला गेली तेव्हा तिथला मुकादम हसला.

"आतलं कोण बघतं गं?"

"आत बसलेला."

"आत बसलेला रस्ता बघतो."

"आणि सिग्नलला थांबला की?"

मुकादमाने डोकं खाजवलं. "येशील परत," तो म्हणाला. "तुझी स्प्रे गन खुंटीला लावून ठेवतो. दुसऱ्याला देत नाही."

ती परत गेली नव्हती, पण काम किरकोळच येत होतं. कुणाचं तुटलेलं हँडल, कुणाच्या गियरभोवतीची चरे पडलेली पट्टी. पूर्ण गाडी कुणी देत नव्हतं. आधी केलेली एखादी गाडी दाखवा, असं प्रत्येक जण म्हणायचा. दाखवायला गाडी नव्हती, कारण कुणी गाडी देत नव्हतं. नवरा कारखान्यात पाळीवर जायचा. तो काही बोलत नव्हता, पण बाहेर भाड्याने जागा घेण्याऐवजी आपण घरची ही शेड अडवली आहे हे धाकटीला बोलल्याशिवायही कळत होतं. पूर्वी तिथे सासूबाईंची शिवणाची मशीन असायची.

अशात ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई आल्या. उभ्या अंगाच्या, आवाज खणखणीत, बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघायची सवय. शिकाऊ लोकांकडे बघून बघून लागलेली असणार. त्यांनी स्वतःची गाडी आणली होती आणि दार उघडून आतलं दाखवलं. दाराच्या हँडलचा रंग पार उडून पांढरं प्लास्टिक वर आलं होतं. गियरच्या बाजूला बोटांतल्या अंगठ्यांचे ओरखडे. शिक्षक बसतो त्या बाजूचं पॅनल गुडघ्याने घासून गुळगुळीत.

"माणूस घाबरला की धरतो," बाई म्हणाल्या. "कुठे धरतो ते इथे सगळं छापून आलंय. इंजिनं माझी उत्तम आहेत हो. पण नवा माणूस दार उघडतो, हे बघतो, आणि त्याला वाटतं गाडीच मोडकळीला आलीय."

"होईल," धाकटी म्हणाली.

"होईल ते सगळेच म्हणतात. मला झालेलं दाखवा. एक पूर्ण गाडी. शनिवारी येते. पटलं तर शाळेच्या सगळ्या गाड्या तुमच्या. नाही पटलं तर एक जण आहे, तो वरून स्टिकर चिकटवून देतो."

शाळेच्या सगळ्या गाड्या म्हणजे शेड चालली. नाहीतर मुकादमाची खुंटी. हे बाईंना सांगायचं कारण नव्हतं. "शनिवारी या," धाकटी म्हणाली. तिच्याकडे तेव्हा एकही गाडी नव्हती.

गल्लीत एकच गाडी अशी होती जिच्यावर तिचा थोडाफार हक्क पोचत होता, आणि ती मिळणं सर्वांत कठीण होतं. ती सासऱ्यांची होती.

सासरे आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाले होते. डेपोत त्यांना कॅप्टन म्हणत; निवृत्तीनंतर डेपो सुटला, नाव राहिलं. हाताशी आलेल्या पैशातून त्यांनी एक जुनी, बिस्किटाच्या रंगाच्या आतल्या भागाची गाडी घेतली होती. ते ती फारशी चालवत नव्हते. पुसत होते. रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते गाडीत बसत, पिवळ्या फडक्यावर पॉलिशची फवारणी करत आणि डॅशबोर्डवरून डावीकडून उजवीकडे एक लांब कमान काढत. मग उजवीकडून डावीकडे दुसरी.

"त्या डॅशबोर्डची जेवढी विचारपूस करतात," सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणत, "तेवढी माझी केली असती तर मी अजून नाचत असते."

पण पॉलिशने जेवढं झाकायचं तेवढंच झाकलं जात होतं. वरचा भाग उन्हाने पांढुरका पडला होता. सकाळी फडकं फिरलं की तो चमकायचा आणि दुपारपर्यंत पुन्हा राख फासल्यासारखा दिसायचा. खिडकीच्या बटणांभोवतीचा मऊ थर चिकट झाला होता. तिथे बोट टेकवलं की बोटाबरोबर थोडा वर यायचा. कॅप्टन तिथे बोट टेकवत नसत.

रात्री जेवताना धाकटीने विषय काढला. कॅप्टननी घास तोंडाजवळ नेऊन परत ताटात ठेवला.

"माझी गाडी काय प्रयोगाला ठेवलीय?"

"प्रयोग नाही बाबा. नमुना."

"फरक काय?"

"प्रयोगात काय होईल ते माहीत नसतं."

"आणि तुला माहीत आहे?"

"हो."

हे तिने इतक्या सरळपणे म्हटलं की सासूबाईंनी भाताचा चमचा हातात तसाच धरून तिच्याकडे बघितलं.

"द्या की," त्या कॅप्टनना म्हणाल्या. "पोरगी दुसऱ्यांचे बंपर चमकवून आली इतकी वर्षं. घरच्याला हात लावायला परवानगी काढावी लागते."

कॅप्टननी जेवण संपवलं, हात धुतला, पुसला आणि एक अट घातली. "चकाकी पाहिजे. आरशासारखी. बाई आत बसल्या की त्यांचे डोळे दिपले पाहिजेत."

"मी मॅट करणार आहे," धाकटी म्हणाली. "मंद. कंपनीतून येतो तसा."

"मंद? मग रंग कशाला द्यायचा? लोकांना कळणार कसं?"

"कळायलाच नको."

कॅप्टननी बायकोकडे बघितलं. ही मुलगी ठीक आहे ना, असं त्या बघण्यात होतं.

धाकटीने वाद घातला नाही. तिने विचारलं, "बाबा, तुम्ही बस चालवताना समोर काय ठेवायचात?"

"समोर? काही नाही. काळं फडकं टाकायचो डॅशबोर्डवर. सगळेच टाकायचे."

"का?"

"का म्हणजे? ऊन पडलं की डॅशबोर्ड काचेत उलटा दिसतो. रस्त्यावर रस्ता दिसायच्या ऐवजी..." कॅप्टन थांबले. सासूबाई ताटं उचलता उचलता हसायला लागल्या आणि हसतच आत गेल्या. कॅप्टन बराच वेळ दात कोरत बसले. शेवटी म्हणाले, "मंद म्हणजे किती मंद?"

दुसऱ्या दिवशी गाडी शेडमध्ये आली. धाकटीने एका मोठ्या पुठ्ठ्यावर गाडीच्या आतल्या भागाचं चित्र काढलं, आणि जो स्क्रू जिथून निघाला तो चित्रात तिथेच खोचला. आधी सीट, मग दारं, मग मधला भाग, शेवटी डॅशबोर्ड. तुकडे सुटे झाले तसा कॅप्टनचा चेहरा पडत गेला. वायरी लोंबत होत्या, पत्रा उघडा पडला होता. सगळं मोकळं झाल्यावर ते एकदा आत डोकावले आणि फिरायला निघून गेले.

प्लास्टिक रंगवण्यात रंग हा शेवटचा आणि सोपा भाग असतो. आधी भांडी घासायच्या साबणाने धुणं. मग राखाडी घासणीने हलकं घासणं, इतकं हलकं की रंगाला पकडायला जागा मिळेल, पण प्लास्टिकवरचा दाणा जाणार नाही. हा दाणा, कातड्यासारखा बारीक उठाव, हेच आतल्या कामाचं सगळं सार. बंपरवर दाणा नसतो. तिथे जाड रंग मारला तर उलट गुळगुळीत दिसतो. इथे जाड रंग मारला की दाणा बुजतो आणि डॅशबोर्ड बाहुलीच्या घरातल्या खुर्चीसारखा दिसायला लागतो. धुऊन घासून झालं की तेल-पॉलिश काढणाऱ्या द्रावात भिजवलेल्या फडक्याने पुसायचं, आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलून घ्यायचं. सुकू दिलं तर घाण जागच्या जागी बसते. कॅप्टनच्या गाडीला हे सगळं पुन्हा पुन्हा करावं लागलं. इतक्या वर्षांचं पॉलिश दाण्याच्या खाचांमध्ये जाऊन मुरलं होतं. जिच्यावर कुणाचं प्रेम नव्हतं अशी गाडी याच्या निम्म्या वेळात झाली असती.

बुधवारी संध्याकाळी सगळे तुकडे साफ होऊन शेडमधल्या तारेवर लटकले. धाकटीने सासूबाईंना सांगितलं, सकाळी शेडच्या बाजूला झाडू नका. नवऱ्याला सांगितलं, तिकडे सायकल झटकू नको. कॅप्टनना सांगितलं नाही. गाडीची काळजी घ्या, हे कॅप्टनना काय सांगायचं.

गुरुवारी सकाळी तिने रंग कालवला, तोंडाला मास्क बांधला, कॉम्प्रेसर लावला. तिची एक पद्धत होती, आणि ती तिने गॅरेजात टिंगल सोसूनही सोडली नव्हती. पहिला हात कधीही मोठ्या तुकड्यावर मारायचा नाही. आधी एकच लहान तुकडा घ्यायचा, त्यावर मारायचा, गन खाली ठेवायची आणि चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. मुकादम याला चहाचं निमित्त म्हणायचा.

तिने ग्लोव्ह बॉक्सचं झाकण घेतलं. रंग बसला. सारखा, मऊ, हवा तसा. तिने कप हातात घेतला. दोन घोट झाले नसतील, आणि रंगात टाचणीच्या डोक्याएवढा एक खळगा उघडला. मग दुसरा. मग एकदम खूप. तव्यावर पीठ टाकल्यावर जाळी पडते तसे. रंग प्रत्येक ठिपक्यापासून मागे सरत होता आणि मधे जुनं प्लास्टिक दिसत होतं.

गॅरेजात याला फिश-आय म्हणतात, आणि तेही दबक्या आवाजात. प्लास्टिकवर पॉलिशमधलं सिलिकॉन राहिलं की रंग त्याला शिवत नाही. म्हणजे आपणच नीट साफ केलं नाही. एवढं करून. शनिवार परवावर आलाय.

तिने झाकण उजेडात तिरपं धरलं आणि मग तिला दिसलं. खळगे सगळीकडे विखुरलेले नव्हते. ते कमानीत होते. डावीकडून उजवीकडे एक लांब कमान, आणि तिच्या खाली, थोडी सरकून, उलटी दुसरी.

ती बाहेर आली. कॅप्टन ओट्यावर बसून पिवळ्या फडक्याची घडी घालत होते.

"बाबा, आज गाडी पुसलीत?"

"गाडी कुठेय पुसायला? सांगाडा करून ठेवलायस."

"मग काय पुसलंत?"

कॅप्टननी घडी पूर्ण केली. "तुकड्यांवर धूळ बसली होती. म्हटलं, रंगाखाली धूळ नको अडकायला. हलका हात फिरवला."

"कुठल्या तुकड्यांवर?"

"सगळ्या," कॅप्टन म्हणाले, आणि वर ताठ मानेने, "अर्धवट काम मी कधी केलं नाही."

धाकटी ओट्यावर त्यांच्या शेजारी बसली. तिला ओरडायचं होतं. तोंडातून हसूच निघालं, आणि ते काही फार चांगलं हसू नव्हतं.

"काय झालं?" कॅप्टन म्हणाले. "अगं काय झालं ते तरी सांग."

तिने सांगितलं नाही, दाखवलं. त्यांना शेडमध्ये नेलं, तारेवरच्या दाराच्या पॅनलवर ओल्या बोटांनी पाणी शिंपडलं. पाण्याचे गोल मणी झाले आणि घरंगळून खाली पडले. मग तिने खोक्यात गुंडाळून ठेवलेली, कॅप्टनच्या हाताला न सापडलेली गियरभोवतीची पट्टी काढली आणि तिच्यावर शिंपडलं. पाणी पसरलं, चादरीसारखं, आणि तसंच राहिलं.

"पाण्याला जागा नाही, तिथे रंगालाही नाही," ती म्हणाली. "तुमच्या फडक्यात दहा वर्षांचं पॉलिश आहे, बाबा."

कॅप्टननी स्वतः पाणी शिंपडून बघितलं. पुन्हा बघितलं. मग त्यांनी ते रंगवलेलं झाकण उचललं आणि त्यावरच्या कमानी बोटाने, न टेकवता, हवेतूनच काढून पाहिल्या. "माझाच हात आहे," ते हळू म्हणाले. आणि ते बाहेर गेले.

धाकटीने ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंना फोन केला. सोमवारपर्यंत थांबता येईल का? "नाही हो," बाई म्हणाल्या. "सोमवारी तो स्टिकरवाला येतोय. त्याला मी तुमच्यासाठी थोपवलंय. शनिवारी काय झालं असेल ते दाखवा. नसेल झालं तर तसं सांगा, माझा वेळ वाचेल." आवाजात राग नव्हता.

ती फोन ठेवते तोच कॅप्टन परत आले. घामाघूम, हातात एक लहान बाटली. रंगाच्या दुकानापर्यंत पायी जाऊन आले होते.

"मिळालं!" ते म्हणाले. "दुकानदार म्हणाला, याचे चार थेंब रंगात टाका, एक खळगा पडणार नाही. काही धुवायला नको, काही नको."

धाकटीने बाटली ओळखली. "त्याच्यात काय आहे, विचारलंत?"

"काय आहे?"

"सिलिकॉन."

कॅप्टननी बाटली डोळ्यांपासून लांब धरली.

"खळगे जातात, खरं आहे," ती म्हणाली. "पण मग ते माझ्या गनमध्ये जातं, पाइपात जातं, शेडच्या हवेत जातं. पुढची प्रत्येक गाडी अशीच होणार. मग प्रत्येक रंगात चार थेंब, जन्मभर. ती शेडच्या बाहेर ठेवा. नाही, गल्लीच्या बाहेर ठेवा."

"मग आता?"

"आता धुवायचं. पहिल्यापासून."

"मी धुतो," कॅप्टन म्हणाले.

"बाबा, तुम्ही..."

"मीच पुसलं ना? मग मीच धुणार. तू फक्त सांग कसं. तुझ्या हाताखाली आहे असं समज."

सासूबाईंनी जुन्या सुती चादरी फाडून फडक्यांचा ढीग केला आणि आणून ठेवला. "दोनदा उकळल्यात," त्या म्हणाल्या. "आणि ते पिवळं फडकं मी चुलीत घालू का बंबात, एवढंच सांगा." कॅप्टननी ते स्वतःच उचललं आणि गल्लीच्या टोकाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. जाताना त्याची घडी मोडली नाही.

धाकटी शिकवायला लागली तेव्हा तिच्या आवाजात मुकादमाचा आवाज आला. तो तिने आवरला नाही. "कमान नाही. सरळ. एकाच दिशेला. एकदा फिरवलं की फडकं टाकायचं."

"एकदाच? अजून स्वच्छ आहे."

"टाकायचं, बाबा."

"हाताला काही वाटत नाही," कॅप्टन म्हणाले, "जिवाला लागतं." पण टाकलं. थोड्या वेळाने त्यांच्या मागे फडक्यांचा ढीग झाला आणि त्यांची लय लागली: ओलं, कोरडं, टाक. ओलं, कोरडं, टाक. प्रत्येक तुकडा झाला की पाणी शिंपडायचे, आणि पाणी पसरलं की "हं!" म्हणायचे. एकदा नाही पसरलं. धाकटीने पाहिलं नव्हतं. त्यांनी तिला हाक मारून दाखवलं आणि तो तुकडा पुन्हा पहिल्यापासून घेतला.

झाकणाचा मात्र इलाज नव्हता. त्यावरचा रंग काढायचा तर थिनर लावावा लागला असता, आणि थिनरने दाणा वितळला असता. धाकटी भंगारवाल्याकडे गेली, त्याच गाडीचं झाकण शोधून काढलं आणि घेऊन आली. ते काळं कुळकुळीत होतं.

"माझ्या गाडीला भंगारातलं?" कॅप्टन म्हणाले. "तेही काळं?"

"झाल्यावर बोलू."

शुक्रवारी सकाळी शेडमध्ये कुणालाच प्रवेश नव्हता. तिने जमिनीवर पाणी मारलं, म्हणजे धूळ बसेल. काळ्या झाकणाला आधी फिकट प्रायमरचा हात दिला, वेगळा. मग एक लहान तुकडा. मग चहा. कप रिकामा झाला तरी ती तुकड्याकडे बघत उभी राहिली. एकही खळगा नाही. दाराच्या फटीतून कॅप्टननी विचारलं, "पडले?" "नाही." बाहेर कुणीतरी मोठ्याने श्वास सोडल्याचं ऐकू आलं.

मग ती थांबली नाही. मनगट न वळवता, सगळा हात एका पातळीत नेत, तुकडा सुरू व्हायच्या आधी गन सुरू आणि संपल्यावर बंद. पहिला हात इतका विरळ की न सांगता दिसू नये. तो पुरता बसल्यावर दुसरा. अनाडी माणसाला या टप्प्यावर वाटतं की अजून थोडा मारावा. तिथेच दाणा बुजतो. ती थांबली. बॅटरी तिरपी धरून प्रत्येक तुकड्यावरून उजेड फिरवला. दाणा होता. सगळ्या तुकड्यांवर, सारखा, आणि त्यावर रंग असा बसला होता की तो बाहेरून आला आहे असं वाटत नव्हतं. ती एकटीच होती. तिने मास्क काढला आणि मोठ्याने म्हणाली, "झालं बरं का." कुणाला उद्देशून ते तिलाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी कॅप्टन पुठ्ठा मांडीवर घेऊन बसले आणि एकेक स्क्रू तिच्या तळहातावर देत गेले. गाडी पुन्हा गाडी झाली.

शनिवारी ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई आल्या त्या सरळ गाडीत जाऊन बसल्या. दार लावून घेतलं. धाकटी बाहेर उभी राहिली. कॅप्टन इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या मागे. बोलायचं नाही असं त्यांना बजावलेलं होतं. बाईंनी दारावरून हात फिरवला, डॅशबोर्डवरून फिरवला, ग्लोव्ह बॉक्स उघडला, मिटला, खाली वाकून पॅनलच्या कडा पाहिल्या. मग काच खाली केली.

"रंगवलंय कुठे?" त्यांनी विचारलं.

हे वाक्य आणखी थोडं कानात राहावं असं तिला वाटलं. "सगळं," ती म्हणाली. "तुमचा हात जिथे जिथे पोचतो ते सगळं."

"खोटं. गाडी जपून वापरलेली आहे, एवढंच."

आता कॅप्टनना राहवलं नाही. "जपून वापरली मीच! दुपारी राखेसारखी दिसायची! बाई, यातला एक तुकडा परवा भंगारातून आणलाय. काळा होता, कोळशासारखा. ओळखा कुठला."

"बाबा."

"ओळखू दे की!"

बाईंना पैज आवडली असावी. त्यांनी चष्मा लावला, मान इकडे तिकडे केली, बराच वेळ घेतला आणि मधल्या खणाच्या झाकणावर बोट ठेवलं. कॅप्टननी टाळी वाजवली. "चूक!"

"मग कुठला?"

"आत्ताच उघडून मिटलात तो!"

बाईंनी ग्लोव्ह बॉक्स पुन्हा उघडला, आतून पाहिला, बाहेरून पाहिला. त्यांनी नखाने कोपऱ्यात दाबून ओढलं. काही उठलं नाही. मग पर्समधून किल्ली काढली. धाकटीने खिडकीतून हात घालून तिचं टोक धरलं.

"नख चालेल. किल्ली पुढच्या शनिवारी."

"स्टिकरवाल्याने त्याच दिवशी मारू दिली."

"स्टिकर कारखान्यातून पक्का होऊन येतो. हा रंग इथे पक्का होतोय. आज किल्ली मारलीत तर चरा पडेल, आणि तो माझ्या कामाचा नसेल, तुमच्या घाईचा असेल."

कॅप्टननी डोळे मिटले. बाईंनी किल्ली परत ठेवली.

"माझ्या गाड्यांचं स्टिअरिंगच्या मधलं झाकणही खराब झालंय. तेही करणार ना?"

"ते नाही. त्याच्यामागे एअरबॅग आहे. वेळ आली की ते झाकण फाटायलाच पाहिजे. मी साफ करून देईन, रंग नाही देणार."

"तो करतो म्हणाला."

"करेल."

तिने शब्द फिरवला नाही. काम हवं होतं. ते किती हवं होतं हे तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला नीट माहीत होतं, आणि त्यानेही तिला अडवलं नाही. बाई गाडीतून उतरल्या, दार लावलं, बाहेरूनच काचेतून पुन्हा एकदा आत बघितलं. मग फोन काढला.

"दोन नंबरची गाडी घेऊन ये," त्या कुणाला तरी म्हणाल्या. "हो, आता. शिकवणी चालू असू दे, शिकणाऱ्या बाईलाच चालवत आणायला सांग. मागची गल्ली. आणि स्टिकरवाल्याला कळव, सोमवारी येऊ नकोस म्हणावं."

दोन नंबरची गाडी कोपऱ्यावर एकदा बंद पडली, परत सुरू झाली आणि उड्या मारत शेडपुढे येऊन थांबली. स्टिअरिंगवर एक मध्यमवयीन बाई होती, ओठ घट्ट मिटलेले. गाडी थांबून झाली तरी तिचा उजवा हात दाराच्या हँडलवर आवळलेलाच होता. धाकटीने दार उघडलं. बोटांच्या खाली रंग नव्हता, पांढरं प्लास्टिक होतं, पाच बोटांच्या मापाचं झिजलेलं.

"माझ्यामुळे झालं का हे?" त्या बाईने दचकून हात काढला. "आता नाही धरणार."

"धरा," धाकटी म्हणाली. "धरण्यासाठीच आहे ते. मी रंग तसा देईन."

कॅप्टन गल्लीत कुणाला तरी हाका मारून सांगत होते, आमच्या सूनबाईकडे शाळेच्या गाड्या आल्या, सगळ्या. आत्ता एकच आली होती. धाकटीने नवा पुठ्ठा काढला, त्यावर दाराचं चित्र काढलं, आणि आडवी होऊन तळाचा पहिला स्क्रू सोडवायला घेतला.